ताऱ्यामागे फिरणारी दुर्बीण

दुर्बीण आकाशातील वस्तू जितक्या पटीने मोठी करून दाखवते, तितक्याच पटीने ती पृथ्वीचे परिवलनही मोठे करून दाखवते, आणि आकाशनिरीक्षणातील बहुतेक यांत्रिक अडचणींचे मूळ या एका गोष्टीत आहे. ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची स्वतःभोवतीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पूर्ण होते. या कालावधीला नाक्षत्र दिवस म्हणतात. या हिशेबाने खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकतो. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला आणि कलेचा साठावा भाग म्हणजे विकला. नुसत्या डोळ्यांना ही गती जाणवत नाही. मात्र शंभरपट वर्धन करणाऱ्या नेत्रिकेतून आकाशाचा जेमतेम अर्ध्या अंशाचा, म्हणजे पूर्ण चंद्रबिंब कसेबसे मावेल एवढाच तुकडा दिसतो आणि तारा त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अवघ्या दोन मिनिटांत जातो. छायाचित्रणात तर सेकंदही लांब ठरतो. १००० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीला ४ मायक्रॉनचे पिक्सेल असलेला कॅमेरा जोडला, तर स्थिर ठेवलेल्या दुर्बिणीत ताऱ्याची प्रतिमा एका सेकंदात सुमारे १८ पिक्सेल ओलांडून जाते, आणि बिंदूऐवजी रेघ उमटते.

म्हणूनच दुर्बिणीची नळी ज्यावर बसवलेली असते आणि जे तिला दोन अक्षांभोवती फिरवते त्या उपकरणाला, म्हणजे माउंटला, नळीइतकेच आणि छायाचित्रणात नळीहूनही अधिक महत्त्व आहे. नवशिक्या ग्राहकाचे लक्ष आरशाच्या व्यासाकडे आणि वर्धनाच्या आकड्यांकडे जाते, तर अनुभवी छायाचित्रकार आपल्या खर्चाचा मोठा वाटा आधी माउंटसाठी राखून ठेवतो. कारण मध्यम दर्जाची नळी उत्तम माउंटवर चांगले चित्र देते, पण उत्तम नळी डळमळत्या माउंटवर काहीच देत नाही.

पृथ्वीच्या परिवलनाला उत्तर देण्याचे दोन मार्ग आहेत, आणि माउंटचा सारा इतिहास या दोन मार्गांमधला आहे. सर्वांत सरळ रचनेत एक अक्ष उभा आणि दुसरा आडवा असतो. उभ्या अक्षाभोवती नळी फिरवली की तिचा दिगंश, म्हणजे उत्तर दिशेपासून क्षितिजावर मोजलेला कोन, बदलतो. आडव्या अक्षाभोवती फिरवली की उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनची उंची, बदलते. ही रचना बांधायला सोपी आणि भक्कम असते, कारण सगळे वजन सरळ जमिनीकडे जाते. परंतु तारे आकाशात तिरप्या वर्तुळांतून फिरत असल्यामुळे अशा माउंटला दोन्ही अक्ष एकाच वेळी आणि क्षणोक्षणी बदलणाऱ्या वेगाने फिरवावे लागतात, आणि हाताने किंवा साध्या घड्याळी यंत्रणेने ते साधत नाही.

दुसऱ्या रचनेत हाच उभा अक्ष इतका कलता केला जातो, की त्याचे टोक बरोबर खगोलीय ध्रुवाकडे रोखले जाते आणि तो पृथ्वीच्या अक्षाला समांतर होतो. अशा विषुववृत्तीय माउंटमध्ये ताऱ्याचा माग ठेवण्यासाठी हा एकच अक्ष, एकाच वेगाने, पृथ्वीच्या उलट दिशेने फिरवला की पुरते. क्षितिजापासून त्या अक्षाचा कोन त्या स्थळाच्या अक्षांशाइतका असावा लागतो: पणजीत सुमारे साडेपंधरा अंश, पुण्यात साडेअठरा, नागपुरात एकवीस. जर्मन भिंगकार योजेफ फ्राउनहोफर याने १८२४ मध्ये दोर्पात येथील, म्हणजे आजच्या एस्टोनियातील तार्तू येथील, वेधशाळेसाठी २४ सेंटिमीटर व्यासाच्या भिंगाची दुर्बीण तयार केली. खाली उतरणाऱ्या वजनावर चालणारे घड्याळ तिचा विषुववृत्तीय माउंट फिरवत असे. तारा नेत्रिकेत स्थिर राहू लागला आणि निरीक्षकाचे हात मोजमापासाठी मोकळे झाले. खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिश श्ट्रूव्ह याने याच दुर्बिणीच्या बळावर १८२७ मध्ये तीन हजारांहून अधिक जोडताऱ्यांची सूची प्रसिद्ध केली. आज हौशी निरीक्षकांकडे दिसणारे प्रतिभार लावलेले माउंट ‘जर्मन’ म्हणून ओळखले जातात, ते याच वंशातले.

भारतात या कल्पनेचे सर्वांत भव्य रूप उटीला पाहायला मिळते. तेथे गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये पूर्ण केलेली रेडिओ दुर्बीण ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे. ती उत्तर-दक्षिण उताराच्या अशा डोंगरावर उभारली आहे, की त्या उताराचा कोन उटीच्या अक्षांशाएवढा, सुमारे ११ अंश, आहे. त्यामुळे दुर्बिणीचा लांब अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला, आणि तेवढ्या एका अक्षाभोवती तिला फिरवत एखाद्या रेडिओ स्रोताचा सुमारे साडेनऊ तास माग ठेवणे शक्य झाले. माउंटला योग्य कोन देण्याचे काम येथे डोंगराकडून करून घेतले आहे. स्थळाची भूमिती ओळखून यंत्र रचण्याचे याहून सुंदर उदाहरण सहसा आढळत नाही.

पण प्रत्येक दुर्बिणीला असा डोंगर लाभत नाही. १९४८ मध्ये कार्यान्वित झालेल्या पालोमार येथील ५ मीटर व्यासाच्या हेल दुर्बिणीचा फिरणारा भाग सुमारे ५०० टनांचा आहे, आणि हे सारे वजन कलत्या अक्षावर तोलून धरण्यासाठी घोड्याच्या नालाच्या आकाराचे प्रचंड बेअरिंग बनवावे लागले. याहून मोठा आरसा कलत्या अक्षावर बसवणे दिवसेंदिवस अव्यवहार्य होत गेले. सोव्हिएत संघाने कॉकेशसमध्ये १९७५ च्या सुमारास ६ मीटर व्यासाची दुर्बीण उभारली, तेव्हा तिच्या रचनाकारांनी विषुववृत्तीय माउंट सोडून उभ्या-आडव्या अक्षांची जुनी साधी रचना स्वीकारली आणि दोन्ही अक्षांचे सतत बदलणारे वेग ठरवण्याचे काम संगणकावर सोपवले. त्यानंतरच्या जवळजवळ सर्व मोठ्या दुर्बिणी याच मार्गाने गेल्या. हानले येथे सुमारे ४५०० मीटर उंचीवर असलेली आणि बंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवली जाणारी २ मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण, पुणे जिल्ह्यात गिरवली येथे २००६ मध्ये सुरू झालेली ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेची २ मीटरची दुर्बीण, नैनितालजवळ देवस्थळ येथील ३.६ मीटरची दुर्बीण, या सर्वांचे अक्ष उभे-आडवेच आहेत. त्याच पुणे जिल्ह्यात खोडद परिसरातील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीसही तबकड्या याच पद्धतीने आकाशाचा माग ठेवतात. पूर्वी जी भूमिती लोखंडात घडवावी लागे, ती आता गणितात सामावली.

हेच परिवर्तन हौशी निरीक्षकांच्या गच्चीपर्यंत पोहोचायला आणखी काही वर्षे लागली. सेलेस्ट्रॉन कंपनीने १९८७ मध्ये ‘कॉम्प्युस्टार’ ही संगणकचलित दुर्बीण बाजारात आणली, पण तिची किंमत बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होती. १९९२ मध्ये मीड कंपनीची ‘एलएक्स२००’ आली आणि यादीतून वस्तू निवडून बटण दाबताच दुर्बिणीने स्वतः तिकडे वळण्याची सोय, जिला सर्वत्र ‘गो-टू’ म्हणतात, हौशी मंडळींमध्ये रुजली. त्या दुर्बिणीला आज्ञा देण्यासाठी ठरवलेली संकेतांची भाषा आजही अनेक कंपन्यांचे माउंट समजू शकतात, यावरून तिच्या प्रभावाची कल्पना यावी.

गो-टू माउंटचा हातात धरायचा नियंत्रक पाहिला, तर त्याच्या स्मृतीत सहज चाळीस हजारांहून अधिक तारे, तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिका साठवलेल्या असतात. यातील प्रत्येकाचे स्थान विषुवांश आणि क्रांती या दोन अंकांनी दिलेले असते. पृथ्वीवरील रेखांश आणि अक्षांशांचे आकाशातील हे प्रतिरूप असून ते ताऱ्यांशी बांधलेले असते, निरीक्षकाच्या क्षितिजाशी नव्हे. एखादा तारा या क्षणी या गावातून कुठे दिसेल हे काढण्यासाठी नियंत्रकाला गावाचे अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ आणि कालविभाग सांगावा लागतो, आणि नवशिक्यांची पहिली फसगत येथेच होते. बऱ्याच नियंत्रकांत तारीख अमेरिकी पद्धतीने, म्हणजे आधी महिना आणि मग दिवस अशी भरावी लागते. पाच मार्च हा दिवस आपल्या सवयीने भरला तर यंत्र तीन मे समजते आणि आकाश सुमारे साठ अंशांनी चुकते. उन्हाळी वेळ पाळली जाते का, या प्रश्नाला भारतात ‘नाही’ हेच उत्तर आहे. चुकून ‘होय’ दाबले तर दुर्बीण पहिल्या ताऱ्याच्या शोधात पंधरा अंश भलतीकडे वळते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली असल्यामुळे पुण्यातील खरी स्थानिक वेळ तिच्या सुमारे ३५ मिनिटे मागे असते, पण हा हिशेब माणसाने करायचा नसतो. रेखांश अचूक भरला की नियंत्रक तो स्वतः करतो.

यानंतर येते संरेखन, म्हणजे माउंटला आकाशाची ओळख करून देणे. नियंत्रक एखादा तेजस्वी तारा सुचवतो, समजा व्याध, आणि आपल्या अंदाजाने तिकडे वळतो. निरीक्षक बाणांच्या कळांनी व्याध नेत्रिकेच्या बरोबर मध्यावर आणतो आणि मान्यतेची कळ दाबतो. मग दुसऱ्या ताऱ्याची, समजा मघाची, तीच क्रिया होते. या दोन नोंदींतून संगणकाला दोन दिशा दोन वेगवेगळ्या भाषांत कळतात: आकाशाच्या भाषेत, म्हणजे विषुवांश-क्रांतीत, आणि माउंटच्या भाषेत, म्हणजे त्याच्या मोटरींनी मोजलेल्या कोनांत. या दोन्ही दिशांना काटकोनात असणारी तिसरी दिशा गणिताने काढता येते, आणि तीन दिशांच्या जोड्या मिळाल्या की एका भाषेतील कोणत्याही दिशेचे दुसऱ्या भाषेत रूपांतर करणारा नऊ अंकांचा एक चौकोनी तक्ता, म्हणजे गणितातील सारणी, तयार होतो. यानंतर माउंट किंचित कललेला असला, त्याची शून्याची खूण भलत्या दिशेला असली, किंवा घड्याळ दोन मिनिटे पुढे असले, तरी ताऱ्यांपुरता सगळा दोष त्या तक्त्यात सामावून जातो. म्हणूनच संरेखनासाठीचे तारे एकमेकांजवळ असू नयेत आणि आकाशाच्या अगदी विरुद्ध टोकांनाही असू नयेत. दोहोंत साधारण काटकोन असला की तक्ता सर्वांत विश्वासार्ह होतो. सेलेस्ट्रॉनच्या काही नियंत्रकांत ताऱ्यांची नावेही लागत नाहीत. कोणतेही तीन तेजस्वी गोल मध्यावर आणले, की त्यांच्यातील परस्पर कोनांवरून यंत्र ते कोण हे स्वतः ओळखते. नक्षत्रांची ओळख नसलेल्यांना त्यामुळे मोठाच आधार झाला, मात्र ज्याला व्याध, अगस्त्य आणि ब्रह्महृदय ओळखता येतात त्याला संरेखन चुकले आहे हे लगेच कळते, आणि ही जाण कोणत्याही नियंत्रकात विकत मिळत नाही.

सारणी अचूक असूनही वस्तू नेत्रिकेच्या कडेला दिसावी, याची कारणे पुष्कळ आहेत. परांचन गतीमुळे पृथ्वीच्या अक्षाची दिशा हळूहळू बदलते आणि सूचीतील स्थाने वर्षाला सुमारे ५० विकलांनी सरकतात; २००० सालच्या स्थानांवर आधारलेली सूची आज तशीच वापरली तर चूक वीस कलांच्या पुढे जाते, म्हणून नियंत्रक हे अंतर प्रत्येक वेळी दुरुस्त करून घेतो. वातावरणातील अपवर्तन ताऱ्यांना वर उचलून दाखवते, क्षितिजाजवळ तर अर्ध्या अंशाहूनही अधिक. नळीचा अक्ष ज्या अक्षावर ती बसवली आहे त्याला तंतोतंत काटकोनात नसेल, तर आकाशाच्या एका बाजूला दुरुस्त वाटणारा माउंट दुसऱ्या बाजूला चुकतो. दातेरी चाकांत थोडी मोकळीक असतेच, आणि मोटर उलट फिरू लागली की ती मोकळीक भरून निघेपर्यंत नळी हलत नाही. याला बॅकलॅश म्हणतात. संरेखनाचा तारा मध्यावर आणताना शेवटची हालचाल नेहमी एकाच दिशेने, बहुतेक नियंत्रकांत वरच्या आणि उजव्या बाणाने करण्याची जी शिस्त सांगितली जाते, ती याच कारणासाठी.

डोळ्याने पाहणाऱ्याला इतके पुरते. वस्तू नेत्रिकेत आली आणि तासभर राहिली, की गुरूचे उपग्रह असोत वा शनीची कडी, पाहणाऱ्यांची रांग लागली तरी प्रत्येकाच्या वेळी दुर्बीण पुन्हा लावावी लागत नाही. कॅमेरा जोडला की मात्र मोठ्या वेधशाळांनी गणितात सामावून घेतलेली भूमिती दुसऱ्या वाटेने परत येते. उभ्या-आडव्या अक्षांचा माउंट ताऱ्याला चौकटीच्या मध्यावर धरून ठेवतो, पण आकाश ध्रुवाभोवती फिरत असल्याने मध्यावरच्या ताऱ्याभोवतीचे बाकीचे तारे चौकटीत हळूहळू गोल फिरतात. याला क्षेत्राचे फिरणे म्हणता येईल. व्यावसायिक दुर्बिणींत कॅमेराच उलट दिशेने फिरवणारे वेगळे यंत्र असते. हौशी माउंटमध्ये ते सहसा नसते.

या फिरण्याचा वेग निरीक्षकाच्या अक्षांशावर अवलंबून असतो, आणि महाराष्ट्रातील छायाचित्रकारासाठी ही बाब फार महत्त्वाची आहे, तरी परदेशी पुस्तकांवरून शिकणाऱ्याच्या ती सहसा लक्षात येत नाही. हा वेग १५ अंश प्रति तास या मूळ आकड्याला अक्षांशाच्या कोज्येने आणि दिगंशाच्या कोज्येने गुणून, उन्नतांशाच्या कोज्येने भागल्यास मिळतो. मृगातील तेजोमेघाचे उदाहरण घ्यावे. मध्यमंडलावर, म्हणजे खगोलीय ध्रुव आणि डोक्यावरचा बिंदू यांतून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण वर्तुळावर, तो येतो तेव्हा लंडनमधून त्याची उंची ३३ अंश असते आणि क्षेत्र ताशी सुमारे ११ अंश फिरते. पुण्यात तो मध्यमंडलावर येतो तेव्हा त्याची उंची ६६ अंश असते. ही उंची खरे तर भाग्याची गोष्ट आहे, कारण प्रकाशाला वातावरणाचा पातळ थर ओलांडावा लागतो. पण तेथे क्षेत्र ताशी ३५ अंशांनी, म्हणजे तिप्पट वेगाने फिरते. एपीएस-सी आकाराच्या संवेदकाचा कोपरा मध्यापासून सुमारे १४ मिलिमीटर दूर असतो; तीस सेकंदांच्या एका एक्स्पोजरमध्ये तेथील तारा ७० मायक्रॉनहून अधिक, म्हणजे ४ मायक्रॉनच्या १८ पिक्सेलांएवढा कंस काढतो. परदेशी पुस्तकात ‘तीस सेकंद चालतात’ असे वाचून निघालेल्या छायाचित्रकाराला पुण्यात दहा सेकंदांवर यावे लागते, आणि त्यात त्याच्या माउंटचा काही दोष नसतो.

वेळ निवडण्याने मात्र पुष्कळ काही साधते. वस्तू थेट पूर्वेला किंवा पश्चिमेला असताना हे फिरणे शून्यावर येते. तोच तेजोमेघ मध्यमंडलावर येण्याच्या चार तास आधी, २६ अंश उंचीवर असताना, पुण्यातून क्षेत्राचे फिरणे ताशी साडेचार अंशांच्याही आत असते. याउलट खस्वस्तिकाजवळ, म्हणजे डोक्याच्या अगदी वर, अशा माउंटचे गणितच कोलमडते. पुण्याच्या अक्षांशावर स्वाती नक्षत्राचा तारा खस्वस्तिकापासून जेमतेम अर्ध्या अंशावरून जातो, आणि त्या काही क्षणांत उभ्या अक्षाला सेकंदाला ०.४ अंश, म्हणजे नेहमीच्या सुमारे शंभरपट वेगाने गरकन फिरावे लागते.

दीर्घ एक्स्पोजर घ्यायचे असेल, तर विषुववृत्तीय माउंटला अजून पर्याय नाही. त्यात सगळे क्षेत्र एकाच अक्षाभोवती फिरत असल्याने कोपऱ्यांतले तारेही बिंदूच राहतात. परंतु आपल्या अक्षांशांवर या माउंटच्या अडचणीही वेगळ्या आहेत. अक्ष ध्रुवाकडे रोखायचा, तर ध्रुवतारा दिसायला हवा. तो पुण्यातून क्षितिजापासून साडेअठरा आणि गोव्यातून साडेपंधरा अंशांवर असतो, त्यामुळे सह्याद्रीच्या खोऱ्यात उत्तरेला एखादी डोंगराची सोंड आली किंवा गावाच्या दिव्यांनी उजळलेला धुरकट पट्टा असला की तो दिसेनासा होतो. दिसला तरी तो खऱ्या ध्रुवावर नसतो, अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर असतो, म्हणून माउंटच्या ध्रुवदुर्बिणीतील वर्तुळावर त्या वेळेनुसार योग्य जागी त्याला ठेवावे लागते. शिवाय या उंचीवर अपवर्तन त्याला सुमारे ३ कला वर उचलून दाखवते. युरोपातील निरीक्षकाला हा आकडा विसरता येतो, आपल्याकडे सूक्ष्म संरेखनात तो जमेस धरावा लागतो. मध्यम अक्षांश डोळ्यांपुढे ठेवून आखलेल्या काही माउंटमध्ये अक्ष इतका खाली झुकवला की प्रतिभाराचा दांडा जवळजवळ उभा होतो आणि खालची वजने तिवईच्या पायाला घासतात. माउंट आणि तिवई यांच्यामध्ये एक उंच नळकांडे बसवून ही अडचण दूर करतात.

माउंटच्या आत डोकावले, तर या सगळ्या अचूकतेचा भार शेवटी एका चाकावर आणि एका मळसूत्री दांड्यावर पडलेला दिसतो. स्काय-वॉचर कंपनीच्या, भारतातही हौशी छायाचित्रकारांत परिचित असलेल्या ‘ईक्यू-६’ माउंटमध्ये १८० दात्यांचे चाक आहे आणि त्याला फिरवणारा दांडा, ज्याला वर्म म्हणतात, दर ४७९ सेकंदांनी एक फेरा पूर्ण करतो. मोटर ‘स्टेपर’ जातीची, म्हणजे विजेच्या प्रत्येक स्पंदासरशी ठराविक कोनाचे एक पाऊल टाकणारी असते. अशी ९० लाख २४ हजार पावले मिळून अक्षाचा एक फेरा होतो, तेव्हा एक पाऊल सुमारे ०.१४ विकलेचे असते आणि ताऱ्याचा माग ठेवताना मोटर दर सेकंदाला सुमारे १०५ पावले टाकते. संगणकाच्या बाजूने इतकी सूक्ष्मता असताना वर्म मात्र धातू कापून घडवलेला असतो. त्याचा मळसूत्री आटा कुठे केसभर जाड तर कुठे केसभर बारीक असतो, आणि त्यामुळे दर फेऱ्याला तारा पुढेमागे दहा-वीस विकला झुलतो. याला आवर्ती त्रुटी म्हणतात. आधीच्या उदाहरणातील कॅमेऱ्यात एक पिक्सेल सुमारे ०.८ विकला व्यापतो, तेव्हा दहा विकलांची त्रुटी म्हणजे बारा पिक्सेलांची पुसट रेघ.

तिच्यावरचा उपाय गाइडिंग म्हणून ओळखला जातो. मुख्य नळीवर एक छोटी नळी आणि तिला एक वेगळा कॅमेरा जोडतात; हा कॅमेरा दर दोन-तीन सेकंदांनी एखाद्या ताऱ्याचे चित्र घेतो, लॅपटॉपवरील पीएचडी-२ सारखी मोफत प्रणाली त्या ताऱ्याचा मध्य पिक्सेलच्या लहानशा अंशापर्यंत मोजते आणि तो जितका सरकला असेल तितकी दुरुस्ती माउंटला पाठवते. योग्य जुळवणी केली, तर मध्यम किमतीचा माउंटही एका विकलेच्या आतबाहेर स्थिर राहतो. मात्र नळीला लटकणारी कॅमेऱ्याची वायर ओढली जाणे, प्रतिभार नीट तोललेला नसणे, वाऱ्याची झुळूक, यांतले काहीही झाले तरी लॅपटॉपवरील गाइडिंगचा आलेख लगेच उसळतो, आणि म्हणून जाणकार उत्पादकाने सांगितलेल्या कमाल वजनाच्या निम्म्या ते दोन-तृतीयांश वजनावरच थांबतात. हिवाळ्याच्या रात्री दहिवर पडू लागले की भिंग तापवणाऱ्या पट्ट्याही त्याच बॅटरीवर चालतात, आणि विजेचा दाब १२ व्होल्टांच्या फार खाली घसरला की नियंत्रक बंद पडून संरेखन पुसले जाते. रात्रीच्या मध्यावर हाती आलेली सगळी जुळवणी अशी जाते, तेव्हा वेगळ्या बॅटरीचे मोल कळते. जर्मन रचनेत आणखी एक खास टप्पा येतो. वस्तू मध्यमंडल ओलांडून गेली की नळी तिवईवर आपटू नये म्हणून माउंट दोन्ही अक्षांतून पूर्ण उलटून दुसऱ्या बाजूने तीच वस्तू पुन्हा धरतो. पूर्वी हे काम करण्यासाठी छायाचित्रकाराला जागे राहावे लागे, आता प्रणाली ते स्वतः करते.

अलीकडे हार्मोनिक गिअरचे माउंट लोकप्रिय होत आहेत. अमेरिकी संशोधक वॉल्टन मसर यांनी १९५० च्या दशकात शोधलेल्या या रचनेत एक लवचीक दातेरी पेला लंबवर्तुळाकार फिरकीने वाकत बाहेरच्या कड्यात फिरतो. तिच्यात मोकळीक जवळजवळ नसते आणि ताकद इतकी असते, की प्रतिभाराची गरजच उरत नाही. पाच-सहा किलोंचा असा माउंट पाठीवरच्या पिशवीत घालून गडावर नेता येतो, ही महाराष्ट्रातील हौशी मंडळींच्या दृष्टीने खरी क्रांती आहे. त्याची आवर्ती त्रुटी मात्र मोठी असते, म्हणून गाइडिंगशिवाय तो दीर्घ एक्स्पोजरला उपयोगी पडत नाही.

संरेखनाची जुनी पद्धतही आता मागे पडत आहे. कॅमेऱ्याने आकाशाच्या कोणत्याही भागाचे चित्र घेतले, की त्यातील चार-चार ताऱ्यांच्या आकृत्यांचे परस्पर प्रमाण मोजून आणि त्यांची साठवलेल्या प्रचंड सूचीशी तुलना करून संगणक चित्राचा मध्य नेमका कुठे आहे हे काही सेकंदांत सांगतो. या पद्धतीला प्लेट सॉल्व्हिंग म्हणतात. तीन तारे ओळखणाऱ्या नियंत्रकाचेच हे तत्त्व शेकडो ताऱ्यांवर लावलेले आहे. यामुळे परांचन, अपवर्तन, नळीचा तिरपेपणा, बॅकलॅश या साऱ्या त्रुटींचा हिशेब वेगळा ठेवावा लागत नाही: दुर्बीण कुठे आहे हे मोटरींना न विचारता थेट आकाशालाच विचारले जाते आणि चूक असेल तेवढी नळी हलवली जाते. ध्रुवतारा डोंगराआड असतानाही अक्ष थोडा थोडा फिरवत दोन-तीन चित्रे घेतली, की ती चित्रे ज्या बिंदूभोवती फिरली त्यावरून अक्ष ध्रुवापासून किती आणि कोणीकडे चुकला आहे हे कळते. सह्याद्रीच्या खोऱ्यात बसलेल्या निरीक्षकाची मोठीच अडचण यातून सुटली.

२०२३ मध्ये आलेली ‘सीस्टार एस५०’ सारखी छोटी उपकरणे या सर्व घटकांना एकाच डब्यात आणतात: ५० मिलिमीटर व्यासाचे भिंग, २५० मिलिमीटर नाभीय अंतर, कॅमेरा, उभ्या-आडव्या अक्षांचा माउंट आणि संगणक, आणि सगळे मोबाइलवरून चालणारे. दहा दहा सेकंदांची चित्रे घेऊन ती एकमेकांवर फिरवून जुळवली जातात, त्यामुळे एका चित्रातले फिरणे नगण्य राहते. पण तासाभरात पुण्याच्या आकाशात मध्यमंडलावरचा मृगाचा तेजोमेघ चौकटीत पस्तीस अंश फिरलेला असतो आणि जुळवलेल्या चित्राचे कोपरे वाया जातात. म्हणून उत्पादकाने पुढे आज्ञावलीत बदल करून हेच उपकरण कलते ठेवून विषुववृत्तीय पद्धतीने वापरण्याची सोय दिली. पुण्यात तसे करायचे, तर उपकरणाचा अक्ष क्षितिजापासून फक्त साडेअठरा अंश वर ठेवावा लागतो, म्हणजे ते जवळजवळ आडवे होते आणि त्याचे वजन हलक्या तिवईच्या पायांपलीकडे जाते. अशा वेळी तिवईचा एक पाय बरोबर उत्तरेला, उपकरणाच्या खाली, ठेवून उरलेल्या दोन पायांना वाळूच्या पिशव्या बांधणे हाच सुरक्षित मार्ग आहे.